वनस्पतितंतु आणि कृत्रिम राळ : एका संयोगाची परीक्षा

गोणपाटाचा हातभर तुकडा घेऊन दोन माणसांनीं तो विरुद्ध दिशांनीं ओढला, तर सहसा माणसेंच थकतात. गोणपाट फाटत नाहीं. मात्र तोच तुकडा भिंतीशीं उभा करून ठेवूं म्हटलें तर तो क्षणांत जमिनीवर लोळण घेतो. याच्या उलट, कृत्रिम राळेची नुसती पातळ फळी ताठ उभी राहते, पण हातांतून फरशीवर पडली कीं तिचे तुकडे होतात. एकाजवळ ओढ सहन करण्याची शक्ति आहे, पण आकार नाहीं. दुसरीजवळ आकार आहे, पण घाव सोसण्याचें बळ नाहीं. गोणपाट राळेंत भिजवून ती राळ घट्ट होऊं दिली म्हणजे जो तक्ता तयार होतो, त्यांत दोघांचे गुण एकत्र येतात. अशा जोडद्रव्यास शास्त्रज्ञ 'संमिश्र' म्हणतात. दारें, छताचे तक्ते, मोटारींच्या आंतील अस्तरें, सामानाच्या पेट्या अशा कित्येक वस्तु वनस्पतितंतूंच्या संमिश्रांपासून होतात. 'लाकडास पर्याय', 'पोलादासारखें बळकट', 'निसर्गाशीं मैत्री राखणारें' अशीं विशेषणें विक्रेते त्यांस लावतात. तीं कितपत खरीं, याचा निर्णय परीक्षागृहांतील कांट्यावर आणि दाबयंत्रावर होतो; आणि पैसे मोजून असें दार घरांत बसविणाऱ्या माणसास हा निर्णय कसा होतो हें ठाऊक असणें त्याच्या हिताचें आहे.

कल्पना मुळीं नवी नाहीं. मातीच्या भिंती घालतांना चिखलांत गवताचें काड किंवा भाताचें तूस तुडवून मिसळण्याची चाल फार जुनी. भिंत वाळतांना आकसते व तडकूं पाहते. परंतु तडा काडापाशीं येऊन थबकतो. हीच गोष्ट विसाव्या शतकाच्या आरंभीं रसायनशास्त्राच्या क्षेत्रांत घडली. लिओ बेकेलंड या बेल्जममध्यें जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञानें अमेरिकेंत फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांच्या संयोगानें एक कठीण राळ तयार केली व १९०९ सालीं ती जगापुढें मांडली. तीच बेकेलाइट. ही राळ एकटी असतां ठिसूळ. म्हणून तिच्यांत लांकडाचा बारीक भुसा मिसळून ती सांच्यांत दाबीत. जुन्या रेडिओ-यंत्रांच्या ज्या तपकिरी, चकचकीत पेट्या पुष्कळ घरांच्या दिवाणखान्यांत मानानें मिरवीत असत, त्यांच्यांतील एक मोठा वांटा लांकडाच्या भुशाचा होता, हें ऐकणाऱ्यांपैकीं फार थोड्यांस माहीत असेल.

भुशाच्या जागीं लांब तंतु घातले तर काय होईल, हा प्रश्न लढाईच्या तोंडावर इंग्लंडांत पुढें आला. केंब्रिजजवळच्या डक्सफर्ड येथें नॉर्मन डी ब्रुइन यांच्या कंपनींत जवसाच्या तंतूंचे धागे फिनॉलच्या राळेंत भिजवून, एकाच दिशेनें मांडून, उष्णता व दाब देऊन तक्ते करण्यांत आले. त्यास 'गॉर्डन एरोलाइट' असें नांव होतें. ॲल्युमिनियमची टंचाई पडेल या भीतीनें १९४० च्या सुमारास स्पिटफायर विमानाचा एक सांगाडासुद्धां त्याचा करून पाहिला. टंचाई तितकी पडली नाहीं, आणि तें प्रकरण तेथेंच थांबलें. अमेरिकेंत त्याच सुमारास हेन्री फोर्ड यांनीं सोयाबीनपासून काढलेलीं द्रव्यें वापरून मोटारीचे तक्ते करविले. १९४० सालीं वार्ताहरांसमोर त्यांनीं आपल्या गाडीच्या मागील झांकणावर कुऱ्हाड हाणून दाखविली. १९४१ सालीं तर असे तक्ते बसविलेली एक सबंध मोटार प्रदर्शनांत मांडली. त्या मोटारीच्या तक्त्यांची नेमकी कृति मात्र आज लेखी उपलब्ध नाहीं. कुऱ्हाडीच्या घावाचें छायाचित्र उरलें, तक्त्याविषयीं आंकडा एकही उरला नाहीं. देखावा आणि परीक्षा यांतील अंतर दाखविण्यास याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण.

प्रत्यक्ष व्यवहारांत हें द्रव्य मोठ्या प्रमाणावर आणलें तें पूर्व जर्मनीनें. तेथें पोलादी पत्र्याचा तुटवडा होता. तेव्हां त्स्विकाउ येथील कारखान्यांत टाकाऊ कापूस व फिनॉलची राळ यांच्या थरांवर गरम दाबयंत्र चालवून 'ट्राबांट' मोटारीचे बाहेरचे तक्ते तयार होऊं लागले. १९५७ पासून १९९१ पर्यंत अशा सुमारें ३० लाख मोटारी निघाल्या. थट्टेचा विषय झालेली ही गाडी. पण तिचे तक्ते गंजत नसत, एवढें तिच्या निंदकांनाही मान्य करावें लागे.

आतां मूळ प्रश्न असा, कीं गवताच्या जातीच्या या तंतूंत बळ येतें कोठून? वनस्पतीचा तंतु वरवर पाहतां एक साधा धागा दिसतो. खरोखर तो स्वतःच एक संमिश्र आहे. तागाच्या, म्हणजे बंगालकडे ज्याला पाट म्हणतात त्या झाडाच्या, सालींतून निघालेला प्रत्येक धागा अनेक सूक्ष्म पेशींची जुडी असते. प्रत्येक पेशी लांबट आणि नळीप्रमाणें आंतून पोकळ. तिच्या भिंतींत सेल्यूलोजचे अतिसूक्ष्म दोरे चक्री जिन्यासारखे गुंडाळलेले असतात आणि त्यांच्याभोंवतीं हेमिसेल्यूलोज व लिग्निन यांचा गिलावा असतो. जिन्याचा चढ जितका उभा तितका तंतु ताठर, आणि जितका आडवा तितका तो ताणला जाणारा. तागांत हे दोरे तंतूच्या उभ्या दिशेशीं सुमारें ८ अंशांचा कोन करतात. नारळाच्या काथ्यांत हाच कोन ४५ अंशांच्या जवळपास जातो. म्हणून ताग शेंकडा दीडदोन इतका ताणला कीं तुटतो, आणि काथ्या शेंकडा पंचवीस-तीसपर्यंत लांबतो. काथ्याच्या पायपुसण्याला वर्षानुवर्षें तुडवूनही तें पुन्हा उभें राहतें, त्याचें रहस्य या कोनांत आहे. उलट, ज्या तक्त्यानें वांकूं नये अशी अपेक्षा आहे, त्यांत काथ्या घालून विशेष लाभ नाहीं.

कोंकणचा काथ्या, देशावरील बांधाबांधावर वाढणारी घायपात, जिच्या पानांची भाजी आणि सालीचे दोर होतात ती अंबाडी, खानदेशांत केळीचा घड उतरल्यावर मागें राहणारें सोपट, हीं सर्व याच कुळांतलीं. घायपातीच्या पानाच्या वजनांत तंतु शेंकडा ४ च्या आसपास निघतो. बाकीचा गर आणि पाणी. सोपटांतला तंतु त्याहूनही कष्टानें हातीं येतो. तिरुवनंतपुरम येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेंत १९८० च्या दशकांत के. जी. सत्यनारायण व त्यांच्या सहकाऱ्यांनीं काथ्या, केळ, घायपात इत्यादींच्या तंतूंचें बळ आणि रचना यांचीं पद्धतशीर मोजमापें केलीं, आणि भारतांतील या विषयाच्या अभ्यासाला त्यामुळें पक्का पाया मिळाला. मुंबईंत माटुंग्यास १९२४ सालीं स्थापन झालेल्या कापसाच्या प्रयोगशाळेनें पुढें विदर्भ-खानदेशांत चुलींत जाणाऱ्या पऱ्हाट्यांचा भुगा करून, त्यांत राळ घालून तक्ते करण्याची रीत बसविली. पऱ्हाटीचा तक्ता आणि तागाचा तक्ता यांत फरक आहे; पहिल्यांत भुगा, दुसऱ्यांत लांब तंतु. परंतु दोघांचें भवितव्य एकाच गोष्टीवर अवलंबून असतें, आणि ती गोष्ट म्हणजे वनस्पति व राळ यांच्यामधील सांधा.

या सांध्याचें महत्त्व एका साध्या उदाहरणानें समजेल. दोराचें टोंक ओल्या वाळूंत वीतभर पुरून ओढलें तर तें सटकन् निघून येतें. तेंच दोन हात खोल पुरलें तर वाळू दोराला सर्व बाजूंनीं धरून ठेवते, आणि पुरेसें खोल पुरलें असल्यास दोर निघण्याऐवजीं तुटतो. संमिश्रांत राळ ही वाळू आणि तंतु हा दोर. ओढ प्रथम राळेवर येते. राळ ती आपल्या पकडीच्या द्वारें तंतूकडे पोंचविते. तंतु आंखूड असेल किंवा पकड ढिली असेल, तर तंतु आपलें बळ दाखविण्यापूर्वींच निसटतो. साधारण पकड असतां तागाच्या तंतूची निदान लांबी १ मिलिमीटरहून थोडी अधिक असावी लागते, असें हिशेबानें निघतें. पकड चौथाईवर आली कीं हीच लांबी चौपट होते.

आणि पकड ढिली होण्याचीं कारणें तंतूच्या स्वभावांतच आहेत. सेल्यूलोजला पाण्याची ओढ फार. दमट हवेंत नुसता ठेवलेला तागही पाणी ओढून घेतो. तागाच्या व्यापारांत कोरड्या वजनावर शेंकडा १३·७५ इतकी ओल गृहीत धरण्याचा प्रघात आहे. कापसाची तीच मर्यादा ८·५ आहे. राळेचा स्वभाव याच्या नेमका उलट. तिला पाणी नको असतें. शिवाय तंतूवर नैसर्गिक मेण असतें, त्यामुळें राळ त्याला नीट भिजवीत नाहीं. अळवाच्या पानावरून पाणी ओघळावें तशी ती बाजूला सरते. यावरील जुना उपाय म्हणजे दाहक सोड्याचें पाणी. लँकेशायरमधील चीट छापण्याच्या धंद्यांत वाढलेल्या जॉन मर्सर यांनीं १८४४ च्या सुमारास हा सोडा कापसावर वापरून पाहिला, आणि त्यांचें नांव त्या क्रियेला मिळालें. शेंकडा ५ च्या आसपासच्या द्रावणांत तंतु ठेवले कीं मेण व कांहीं हेमिसेल्यूलोज निघून जातें, तंतूचा पृष्ठभाग खडबडीत होतो आणि राळेला धरावयास जागा मिळते. द्रावण फार तीव्र झालें किंवा वेळ फार गेला, तर सोडा तंतूलाच खातो. याखेरीज सिलेन नांवाचीं द्रव्यें वापरतात. त्यांच्या रेणूचें एक टोंक सेल्यूलोजशीं आणि दुसरें राळेशीं जुळतें. भिन्न भाषा बोलणाऱ्या दोन व्यापाऱ्यांमध्यें दुभाषा असावा, तसें त्यांचें काम. खर्च मात्र वाढतो, आणि स्वस्त म्हणून पत्करलेला तंतु तितका स्वस्त राहत नाहीं; उत्साहाच्या भरांत हा हिशेब पुष्कळदां विसरला जातो.

तक्ता करण्याची कृति ऐकावयास सोपी आहे. तागाचें कापड सांच्याच्या मापानें कापून, भट्टींत ८० ते १०० अंश उष्णतेवर कांहीं तास वाळवितात आणि लगेच तोलतात. या पायरीचा कंटाळा करणाऱ्याचा तक्ता आंतून फोडाफोडांचा होतो, कारण तंतूंतील ओल राळ घट्ट होतांना वाफेच्या रूपानें अडकून बसते. सांच्याला मेण लावून त्यावर राळेचा हात फिरवितात, त्यावर कापडाचा थर, पुन्हा राळ, आणि प्रत्येक थरावर रूळ दाबून आंतली हवा बाहेर काढतात. पॉलिएस्टर जातीची राळ असेल तर ती घट्ट व्हावी म्हणून तिच्यांत कोबाल्टयुक्त प्रवेगक आणि पेरॉक्साइड अशीं दोन द्रव्यें शेंकडा एकदोन प्रमाणांत घालतात. हीं दोन द्रव्यें एकमेकांत थेट कधींही मिसळूं नयेत, मिसळल्यास स्फोट होतो; एक राळेंत पूर्ण घोळवून झाल्यावरच दुसरें घालावयाचें. लहान कारखान्यांत ही सूचना भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेली असावी. नंतर सांचा दाबयंत्रांत ठेवून राळ घट्ट होऊं देतात. राळेऐवजीं पॉलिप्रॉपिलीनसारखें वितळणारें प्लास्टिकही चालतें. पण तेथें एक बंधन आहे. सुमारें २०० अंशांपुढें वनस्पतीचा तंतु करपूं लागतो. पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या आसपास वितळतें म्हणून तें जमतें; नायलॉनच्या ज्या जाती २६० अंशांवर वितळतात त्यांच्याशीं याची सोयरीक होत नाहीं.

येथपर्यंत कारागिरी झाली, पुढें परीक्षा. तिचा पहिला टप्पा एकट्या तंतूचा. केंसासारखा एक तंतु खिडकी कापलेल्या कागदाच्या चौकटीवर चिकटवितात, चौकट यंत्राच्या चिमट्यांत धरतात, मग कागदाच्या दोन्ही बाजू कातरून टाकतात, म्हणजे सगळी ओढ तंतूवर येते. तो किती भारानें तुटला हें यंत्र सांगतें. अडचण अशी, कीं भाराला जाडीनें भागावयाचें, आणि तागाच्या धाग्याची जाडी पावलागणिक बदलते. तो गोलही नसतो. दुसरी अडचण अशी, कीं लांब तंतु आंखूड तंतूपेक्षां लवकर तुटतो. सांखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच बळकट; कड्या जितक्या अधिक, तितका त्यांत एखादी कच्ची निघण्याचा संभव अधिक. यास्तव तागाचें बळ एका चौरस मिलिमीटरला ४०० ते ८०० न्यूटन, म्हणजे स्थूलमानानें ४० ते ८० किलोंचा भार, अशा पसरट मर्यादेंत सांगावें लागतें.

साध्या पोलादाचें बळ ४०० न्यूटनांच्या आसपास असतें. 'पोलादासारखें बळकट' या विशेषणाचा उगम येथें आहे. मात्र तो आंकडा सुट्या, कोरड्या तंतूचा होय. तक्त्यांत तंतु शेंकडा ३० असले तर उरलेली ७० राळच असते. तंतु एका दिशेंत न मांडतां अस्ताव्यस्त पसरले असतील, तर कोणत्याही एका दिशेच्या ओढीला त्यांतील थोडेच उपयोगी पडतात. त्यांतून पकड कमी पडली तर आणखी घट. सरतेशेवटीं तागाच्या अशा तक्त्याचें बळ चौरस मिलिमीटरला ५०-६० न्यूटनांवर येऊन थांबतें. दार किंवा छताचें अस्तर होण्यास तें पुरेसें आहे. पोलादाशीं तुलना करण्यास नाहीं.

तक्त्याची परीक्षा करतांना त्यांतून ठराविक मापाच्या पट्ट्या कापतात. निदान पांच पट्ट्या घ्यावयाच्या आणि त्या २३ अंश उष्णतेच्या, शेंकडा ५० सापेक्ष आर्द्रतेच्या खोलींत कांहीं काळ ठेवून मग यंत्रावर चढवावयाच्या, असा दंडक आहे. ओढण्याच्या परीक्षेबरोबर वांकविण्याची परीक्षा होते. पट्टी दोन टेकूंवर ठेवून मध्यें भार देतात. दोन टेकूंमधील अंतर पट्टीच्या जाडीच्या १६ पट ठेवण्याचा प्रघात आहे. ४ मिलिमीटर जाड व १० मिलिमीटर रुंद पट्टी ६४ मिलिमीटर अंतरावर टेकवली आणि ती १५० न्यूटनांना, म्हणजे सुमारें १५ किलोंना मोडली, तर तिचें वांकण्यांतील बळ ९० न्यूटन भरतें. घाव सोसण्याची शक्ति लंबकानें मोजतात. जड लंबक ठराविक उंचीवरून सोडतात. तो पट्टी मोडून पलीकडे जितका कमी उंच चढतो, तितकी शक्ति पट्टीनें खाल्ली.

पट्टी मोडल्यावर तिचे तुकडे टाकून देण्याची घाई अनुभवी परीक्षक करीत नाहीं. मोडलेली कड सूक्ष्मदर्शकाखालीं धरली म्हणजे आंकड्यांनीं न सांगितलेली हकीकत दिसते. कडेंतून लांब, उघडेवाघडे तंतु बाहेर आलेले आणि समोरच्या तुकड्यांत स्वच्छ गोल भोंकें असलीं, तर तंतु निसटले, पकड वाईट होती. तंतु कडेच्या पातळींतच तुटलेले व राळेनें माखलेले असले, तर पकड चांगली होती. येथें एक मौज आहे. पकड फारच घट्ट झाली तर ओढण्यांतलें बळ वाढतें, परंतु घाव सोसण्याची शक्ति कमी होते. कारण घावाची शक्ति खाण्याचें पुष्कळसें काम निसटणारे तंतु घर्षणानें करीत असतात. म्हणून दार करणारानें आणि मोटारीचा बंपर करणारानें एकच कृति वापरूं नये.

पांच पट्ट्यांची सरासरी ११० आली, पण सर्वांत कमी ७० आणि सर्वांत अधिक १५०, असा एक तक्ता; दुसऱ्याची सरासरी १००, पण मर्यादा ९५ ते १०५. शहाणा स्थपति दुसरा घेईल, कारण छत कोसळतें तें सरासरीमुळें कोसळत नाहीं. जाहिरातींत मात्र १५० हाच आंकडा छापला जातो.

एवढ्या सगळ्या परीक्षांत तक्ता उत्तीर्ण झाला तरी तो जूनमध्यें काय करील, हें अद्याप कळलेलें नसतें. कारण ५० टक्के आर्द्रतेची ती नीटनेटकी खोली आणि कोंकणांतील श्रावण यांत फार अंतर आहे. म्हणून पाण्याची परीक्षा. पट्टी वाळवून तोलतात, पाण्यांत बुडवितात, चोवीस तासांनीं पुसून पुन्हा तोलतात. चांगला परीक्षक चोवीस तासांवर न थांबतां वजन वाढावयाचें थांबेपर्यंत आठवडेच्या आठवडे तोलीत राहतो. काचतंतूंचा तक्ता फार थोडें पाणी घेतो. तागाचा तक्ता त्याच्या कित्येक पट घेतो. पाणी प्यालेला तंतु फुगतो आणि भोंवतालच्या राळेस बारीक तडे पाडतो. पावसाळा संपून तक्ता वाळला कीं तंतु आकसतो, पण राळ त्याच्यामागें जात नाहीं. दोघांमध्यें सूक्ष्म फट राहते. पुढच्या पावसाळ्यांत पाणी त्या फटींतून दिव्याच्या वातींतून तेल चढावें तसें आंतवर चढतें. पहिल्या वर्षीं कांहीं न झालेलें दार तिसऱ्या वर्षीं कडांना फुगतें, बुरशी धरतें, तें या मार्गानें. यास्तव पट्ट्या आळीपाळीनें भिजवून व वाळवून, असे अनेक फेरे झाल्यावर मग त्या मोडून पाहिल्या पाहिजेत. पूर्वीच्या बळापैकीं किती उरलें, हा आंकडा विक्रेत्याकडे मागण्याजोगा आहे.

यांतच सुताराचा प्रश्न येतो. कारखान्यांतून आलेल्या तक्त्याच्या चारी कडा राळेनें बंद केलेल्या असतात. दार चौकटींत बसेना म्हणून सुतार कडेवर रंधा मारतो, बिजागऱ्यांसाठीं खांच घेतो, कडीसाठीं भोंक पाडतो. आणि प्रत्येक ठिकाणीं हजारों पोकळ नळ्यांचीं तोंडें उघडीं पडतात. न्हाणीघराच्या दाराची खालची कड म्हणजे तर पाण्याच्या वाटेंतच. रंधलेली कड, खांच आणि भोंक यांवर त्याच दिवशीं राळेचा किंवा चांगल्या रोगणाचा दुहेरी हात दिला, तर दाराचें आयुष्य बरेंच वाढतें. खर्च नगण्य आहे, आणि तरीही हें काम बहुधा राहून जातें.

मग काचतंतु सोडून वनस्पतीच्या तंतूमागें लागावेंच कां? याचें उत्तर वजनांत आहे. काचेची घनता सुमारें २·५५, तागाची १·४५. ताठरपणांत काच तागाच्या साडेतीन पट. दोहोंचे शेंकडा ३० तंतु पॉलिएस्टर राळेंत एका दिशेनें घालून हिशेब केला, तर काचेचा तक्ता सुमारें २३ आणि तागाचा ८ इतका ताठर निघतो. तागाचा पराभव झाला असें वाटतें. पण तक्ता वांकण्याला जो विरोध करतो, तो जाडीच्या घनाप्रमाणें वाढतो. जाडी दुप्पट केली तर विरोध आठपट. म्हणून हलक्या द्रव्याचा थोडा जाड तक्ता करून पुष्कळ भरपाई होते. त्याच हिशेबानें, काचेच्या तक्त्याइतकाच न वांकणारा तागाचा तक्ता काचेहून अवघा एक अष्टमांश जड भरतो. उत्तम जवसाचे तंतु वापरले, ज्यांचा ताठरपणा तागाच्या अडीच पट धरण्यास हरकत नाहीं, तर पारडें फिरतें आणि तो तक्ता काचेहून एक नवमांश हलका होतो. जर्मनींतील मोटारींच्या कारखान्यांनीं १९९० च्या दशकांत दारांच्या आंतील तक्त्यांसाठीं जवस व घायपात यांचे तंतु घेतले, त्यामागें हा हिशेब होता. भार ओढून धरावयाच्या सळईसाठीं किंवा पाण्याच्या टाकीसाठीं तो लागू पडत नाहीं. शिवाय काचेचा भुगा कामगाराच्या कातडीस व घशास टोंचतो; तागाच्या भुग्यानें शिंका येतात, आणि तोही फुप्फुसांना चांगला नव्हे, पण कातडीस तो टोंचत नाहीं.

राहिलें तिसरें विशेषण, निसर्गाच्या मैत्रीचें. तंतु मातींत कुजतो हें खरें. परंतु त्याच्याभोंवतीं पॉलिएस्टर किंवा फिनॉलची राळ एकदां घट्ट झाली कीं ती पुन्हा वितळत नाहीं आणि सहजासहजीं कुजतही नाहीं. पूर्व जर्मनीचें राज्य संपल्यावर लाखों ट्राबांट गाड्या भंगारांत निघाल्या, तेव्हां त्यांचें पोलाद वितळवितां आलें. तक्त्यांचें काय करावें हा मात्र पेंच पडला. पॉलिप्रॉपिलीनमध्यें घातलेल्या तंतूंची स्थिति बरी. तो तक्ता मोडल्यावर त्याचा भुगा करून, वितळवून पुन्हा सांच्यांत घालतां येतो. प्रत्येक फेरींत यंत्राच्या मळसूत्रांतून जातांना तंतु मोडतात आणि उष्णतेनें थोडे करपतात. अशा कांहीं फेऱ्यांनंतर त्यांची लांबी त्या १ मिलिमीटरच्या खालीं येते, आणि तेथून पुढें ते तक्त्याला बळ देत नाहींत, केवळ त्यांतील जागा भरतात.